शिमोनमामांच्या गाठी

शनिवारी दुपारी गिरणीचा भोंगा झाला की आमच्या ख्रिस्ती वस्तीतली निम्मी घरं दारं लावून घ्यायची. शिमोनमामा माफी मागायला निघालेले असायचे.

हे सोलापुरातलं, मी बावीस-तेवीस वर्षांचा असतानाचं. मामा, म्हणजे सगळ्या वस्तीचेच मामा, गिरणीत साचेखात्यात, मागांच्या विभागात, जॉबर म्हणजे मुकादम होते. खिशात हातभर सूत असायचं. आठवड्यात कुणाशी वाईट वागले, कुणाबद्दल वाईट मनात आलं, की सुताला एक गाठ. शनिवारी ते सूत घेऊन त्या माणसाच्या दारात उभं राहायचं, गुन्हा सांगायचा आणि सूत पुढे करायचं. "गाठ तुमीच सोडा. मी सोडून भागत न्हाय."

विणकराची गाठ ती. मारायला क्षण लागतो, सोडायला तासभर. बायका चुलीवरची आमटी करपवून दारात नखांनी गाठ कोरत बसायच्या.

त्याआधीचे मामा मी पाहिले होते. शिंदी प्यायचे, शिव्या द्यायचे, आणि दोन्हींत हयगय करायचे नाहीत. मग एका उन्हाळ्यात वस्तीच्या मैदानात मांडव उभा राहिला आणि बाहेरगावचे एक उपदेशक आठवडाभर बोलले. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "रडणं सोपं आहे. सवय बदला, मग म्हणा पश्चात्ताप झाला." मामा तोवर इतके मोठ्यानं रडत होते की त्यांना ते वाक्य शेजाऱ्यानं पुन्हा सांगावं लागलं. पण ऐकल्यावर त्यांनी ते असं धरलं की सोडलंच नाही.

"जुना शिमोन मेला," ते भेटेल त्याला सांगायचे. "ह्यो नवा हाय."

त्यावर राहेलमामी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "मेला तर मेला. मला कुंकू न्हाय म्हणून वाचले, न्हायतर पुसायला लागलं असतं. पर नवा बी भाकरी तेवढ्याच खातोय की!"

माफीतून भांडणं मिटण्यापेक्षा उगवायचीच जास्त. मागच्या आळीत नरसय्या नावाचे तेलुगू विणकर होते, मामांचे जुने दोस्त. मामा त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "तुमी मराठी बोलता तवा मला हसू येतं. दहा वर्सं तुमच्या पाठीमागं हसलो. माफ करा."

नरसय्या हातमागावरून उठले. "दहा वर्ष? आणि आज सांगते? मी तर तुला माझा मराठी आवडते समजत होतो!" महिनाभर ते मामांशी बोलले नाहीत. त्यावर मामांना आलेल्या रागाच्या चार गाठी वेगळ्या.

मार्थाबाईंची कोंबडी दोन वर्षांपूर्वी नाहीशी झाली होती. तिच्यावरून त्यांनी शेजारणीशी कायमचं बोलणं टाकलं होतं. मामांनी कबूल केलं, "तुमची कोंबडी जुन्या शिमोननं खाल्ली." मार्थाबाईंना कोंबडीपेक्षा जास्त दुःख झालं ते शेजारणीशी आता बोलावं लागणार याचं.

शिव्यांचं काम सगळ्यात अवघड होतं. साचेखात्याच्या खडखडाटात शिव्यांशिवाय जॉबरचं ऐकणार कोण? मामांनी शिवीच्या जागी गीत गायची सवय लावली. धागा तुटला, माणूस जागेवर नाही, की मामा भक्तिगीत सुरू करायचे. पहिल्या कडव्याला माणसं हसायची. दुसऱ्याला सरळ व्हायची. तिसरं कडवं लागलं की पळत आपापल्या साच्यावर जायची, कारण चौथं कडवं मामांना येत नव्हतं आणि त्यानंतर काय येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं.

आणि वाट. गिरणीतून घरी यायच्या रस्त्यावर शिंदीचं दुकान होतं. मामांनी तो रस्ताच टाकला. रोज तळ्याला वळसा घालून मैलभर जास्त चालायचे. "पायांवर माझा इश्वास न्हाय," म्हणायचे. "त्यास्नी जुनी वाट पाठ हाय."

इथवर सगळ्यांना माहीत आहे. अजूनही वस्तीतले म्हातारे हे सांगून हसतात आणि शेवटी म्हणतात, "पण पुन्हा प्याला हो बिचारा!" चर्चच्या मंडळीच्या वहीतही तसंच लिहिलेलं आहे. ते खोटं आहे, आणि ते माझं आहे.

माझे वडील मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते. मंडळीत पहिल्या बाकावर बसायचे. शुक्रवारी संध्याकाळी ते शिकवणीला म्हणून बाहेर पडत आणि शिंदीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसत. हे घरात आम्हाला ठाऊक होतं आणि आम्ही एकमेकांनाही सांगत नव्हतो. एका शुक्रवारी मी त्या रस्त्यानं येत होतो. दुकानातून वडील बाहेर पडले, आणि त्यांना काखेत धरून शिमोनमामा. ज्या दारासमोरून जायला हा माणूस भीत होता, त्या दारातून तो वडिलांना आणायला आत गेला होता.

पुढच्याच प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीच्या, आदल्या दिवशी तयारीची सभा होती. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "आपल्यातलं कुणीतरी दर शुक्रवारी शिंदीच्या दुकानात जातं, असं कानावर आलंय. ज्याला माहीत असेल त्यानं सांगावं."

वडील गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत राहिले. नोकरी जाणार होती. दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. मी उभा राहिलो. "शिमोनमामांना मी तिथून बाहेर पडताना पाहिलं."

शब्द न् शब्द खरा होता.

"खरं का हे, शिमोन?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"व्हय."

"कशाला गेला होतास?"

मामांनी वडिलांच्या पाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि ते गुणगुणायला लागले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. पाळकसाहेबांना हा उद्धटपणा वाटला. तिसरं कडवं सुरू झालं तेव्हा पळून जावंसं मला एकट्यालाच वाटलं. मामा तिसरं संपवून खाली बसले. सहा महिने प्रभुभोजन बंद, असा निकाल झाला.

पुढच्या शनिवारी ते आमच्या दारात. सुताला तीन गाठी.

"तुज्या नावाच्या हायती," ते म्हणाले. "बुधवारी साच्यापाशी मनात आलं, ह्याचं वाटोळं व्हावं. गुरुवारी बी आलं. काल जरा कमी आलं, पर आलं. माफ कर लेकरा."

माझी बोटं चालेनात. "घाई न्हाय," ते म्हणाले आणि उंबऱ्यावर बसले. दोन सुटल्या. तिसरी फार घट्ट होती, ती मी दातांनी सोडवली.

"केलंस का माफ?"

"केलं," मी म्हणालो.

"मोठ्या मनाचा हायेस," म्हणाले आणि मार्थाबाईंच्या घराकडे वळले.

त्या सहा महिन्यांत एकही शुक्रवार त्यांनी चुकवला नाही. मी खिडकीतून पाहायचो. दिवेलागणीला ते वडिलांना तळ्याच्या वाटेनं, कुणी भेटू नये म्हणून लांबून घेऊन यायचे. आमच्या कोपऱ्यावर थांबायचे. वडिलांचा कोट झटकायचे, पागोटं सरळ करायचे, आणि मग स्वतः झाडाआड मागं राहायचे, म्हणजे हेडमास्तर शेवटची पन्नास पावलं एकटे, ताठ चालत घरी पोचावेत. ते पोचेपर्यंत मामा तिथंच उभे असायचे.

दार मी उघडायचो. मामा, आत या, असं मी एकदाही म्हणालो नाही.