तानाबाईची संमती

शाल्मलीचा फोन आला तेव्हा प्रफुल ओट्याशी उभा राहून पोह्यांवर तर्री ओतत होता. शाल्मली म्हणजे मुंबईच्या गाणी काढणाऱ्या कंपनीतली बाई. तिच्या फोनची वाट पाहून पाहून पंधरा दिवसांत त्याचं जेवण अर्ध्यावर आलं होतं.

"गाणं सगळ्यांना आवडलंय," ती म्हणाली. "विशेषतः त्या बाईंचा आवाज. अंगावर काटा येतो! आता फक्त त्या गायिकेचं संमतिपत्र पाठवा, सहीनिशी. शनिवारी पाचच्या आत."

"गायिकेचं," प्रफुल म्हणाला.

"हो. कोण आहेत त्या?"

"आहेत एक. खेड्यात असतात," असं म्हणून त्याने फोन ठेवला. तर्री एव्हाना ओट्यावरून खाली ओघळत होती. खरं सांगायचं तर ती बाई कोण, काळी की गोरी, हे प्रफुलच्या बापालाही ठाऊक नव्हतं.

या प्रफुलचं आधीचं थोडं सांगून टाकतो. वय एकतीस, राहणार पिपरी मेघे. पुलगावच्या बँड पार्टीत वरातीपुढे कॅसिओ वाजवून सुरुवात केली. मग पुण्याला जाऊन चार वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांना यंत्रावरचे ठोके आणि सूर जोडून दिले, पण एकाही गाण्यावर नाव म्हणून आलं नाही. शेवटी गडी घरी परतला, आवाज घुमू नये म्हणून मागच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, सिंथेसायझर मांडला आणि 'पी-व्होल्ट' या नावाने इलेक्ट्रोपॉप करू लागला. पिपरीत संध्याकाळी विजेचा दाब असा पडायचा की पी-व्होल्टचा कॉम्प्युटरच सगळ्यात आधी मान टाकायचा. ट्रे पाहून शेजारीण अंड्यांचा भाव विचारून गेली होती. आई, सुधाताई, त्या दिवसापासून चिडल्या होत्या. "हे गानं लागलं तं लागलं," त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. "नाई तं सोमवारपासून मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसजो."

आणि आता गाणं लागलं होतं, तर गायिका नव्हती. घ्या!

तो आवाज त्याला मिळाला होता दसऱ्याच्या सुमारास. श्यामजीपंताच्या तळेगावला एका कार्यक्रमाचं साऊंड लावून परतताना त्याची बस चुकली. भर दुपारची वेळ, ऑक्टोबरचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तो संत्र्याच्या बागेच्या कुंपणाशी सावलीला उभा राहिला. तेवढ्यात झाडांआडून एका बाईचा आवाज आला. "हुर्र... जाऽऽय. इथून जाय. मी पाहून राह्यली." मग शांत. पुन्हा तोच आवाज, तसाच, तेवढ्याच अंतराने. दुसरा कोणी असता तर बूट हातात घेऊन पळाला असता. प्रफुलच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी की, वा, बाईचा ताल काय पक्का आहे! त्याने मोबाईल पुढे धरून आवाज भरून घेतला आणि बसमध्ये जाऊन बसला.

शुक्रवारी सकाळी तो आर्वीमार्गे तळेगावला पोचला. स्टँडजवळ शोभाबाईंचं चहाचं दुकान होतं. चहा घेता घेता त्याने मोबाईलवर आवाज लावला. "मावशी, हा आवाज कोनाचा ओळखता का?"

शोभाबाईंच्या हातातली गाळणी भांड्यात पडली. "आता वं माय! हा तं तानाबाईचा."

"हो का? कुठं राहते तानाबाई?"

"कुठं राह्यते म्हंजे? मेली ना ते! दोन वर्स झाले. मी सोता तेरवीचं जेवून आली."

प्रफुल हसला. मग त्याने शोभाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसणं गिळलं. "मावशी, मी हा मागच्या महिन्यात भरला."

"म्हनूनच दुपारचं त्या बागेकडं कोनी जात नाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू काऊन गेलता?"

"आता पुन्हा जायाचं हाय. तिची सही पाह्यजे."

"मेलेल्या बाईची?" शोभाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, कपाळाला हात लावला आणि फडताळातून एक लिंबू काढून त्याच्या खिशात घातलं. मग वही पुढे केली. "घरचा फोन नंबर लिहून ठेव, बापा. उद्या कोनाले कळवाचं झालं तं बरं पडते."

प्रफुलच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण डोळ्यांपुढे मामाचं झेरॉक्सचं यंत्र दिसत होतं. झेरॉक्सपेक्षा भूत परवडलं, असं म्हणत त्याने नंबर लिहिला आणि निघाला.

बाग तशीच होती. वारा पडला होता, पान हलत नव्हतं. तो कुंपणातून आत शिरतो न शिरतो तोच अगदी डोक्यावरून आवाज आला, "हुर्र... जाऽऽय." प्रफुल मटकन खाली बसला, लिंबू पुढे करून. वर पाहिलं तर झाडाच्या फांदीला एक लहानसा भोंगा तारेने बांधलेला, शेजारी वहीएवढं सोलरचं पान. आणि भोंग्यावर एक वानर निवांत बसून संत्रं सोलत होतं.

"कोन हाय बे तिकडं?" झाडांतून एक वाळलेले म्हातारे गृहस्थ काठी घेऊन आले. हे तानाबाईचे नवरे मारोतराव. प्रफुलने धापा टाकत सगळं सांगितलं.

"वांदरासाठी हाय तो," मारोतराव म्हणाले. "जाच्या आधी तिनंच भरून ठेवला. वांदरं कोनाच्याच आवाजाले भेत नव्हते, तिले भेत."

"आता तर वरच बसून आहेत."

"आता समजलं त्याईले."

"मग बंद काऊन नाई करत, काका?"

मारोतरावांनी भोंग्याकडे पाहिलं. "ती जिती असतानी तिले गप करनं मले जमलं नाई," ते म्हणाले. "आता कायले करू?" त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

प्रफुलला भडभडून आलं, पण कागदही काढावा लागलाच. गायिका हयात नसेल तर वारसाची सही चालते, हे त्याने बागेकडे येताना वाटेतच शाल्मलीला फोन करून विचारून ठेवलं होतं. भानगडच नको म्हणून. मारोतराव म्हणाले, "आधी गानं आयकव." त्याने लावलं. ठोके सुरू झाले, त्यावर सिंथेसायझरचे सूर, आणि त्यांतून तानाबाई आली. मारोतराव डोळे मिटून मान डोलवत होते. मग "मी पाहून राह्यली" आलं आणि त्यांची मान थांबली.

"हे कुठून आनलं?"

"तुमच्याच भोंग्यातून."

मारोतरावांनी वानराला हाकललं, भोंगा सोडवला आणि कानाशी धरला. हुर्र, जाय. हुर्र, जाय. पाच वेळा ऐकलं. त्यात तेवढंच होतं. 'मी पाहून राह्यली' कुठेच नव्हतं.

"हे तिनं भरलंच नाई," मारोतराव पुटपुटले. "हे ती मलेच म्हने, म्या तंबाखूचा खर्रा काढला का. ती मरतानी शपथ घेतली होती म्या, सोडतो म्हनून. सोडलाही होता." ते थांबले. "दसऱ्याले पुन्हा लागला."

त्यांनी खिशातून खर्र्याची पन्नी काढली, झाडाच्या बुडाशी काठीने माती उकरून पुरली आणि वर पाय दाबून उभे राहिले. मग सही केली. "ते बोल काढू नको, बापा. राहू दे गान्यात."

शनिवारी चार वाजता पक्कं केलेलं गाणं आणि कागद, दोन्ही मुंबईला गेले. सुधाताईंनी देवापुढे साखर ठेवली. पावणेपाचला फोन वाजला.

"कागद मिळाला," शाल्मली म्हणाली. "पण गाण्याच्या शेवटी हे नवीन काय घातलंय? छान आहे, पण आमचे वकील अडून बसलेत."

"शेवटी काही नाही. शेवटचे आठ सेकंद शांतता आहे."

"ऐका." तिने फोन स्पीकरजवळ धरला. ठोके विरले. मग अगदी स्पष्ट, जरा रागावलेला आवाज आला. "आवाज माहा. अन् सई त्याईची काऊन घेतली?"

प्रफुल अंड्यांच्या ट्रेला टेकला. ट्रे निखळून खाली आला.

"वकील म्हणतात, बाईंचा मुद्दा बरोबर आहे," शाल्मली म्हणाली. "सोमवारी अकरापर्यंत थांबू शकतो आम्ही."

रविवारी दुपारी प्रफुल पुन्हा बागेत हजर झाला. पिशवीत नवा कागद, शोभाबाईंचं लिंबू आणि आर्वीच्या स्टँडवर घेतलेला शाईचा पॅड. भोंगा पुन्हा वर बांधलेल्या त्या झाडाखाली त्याने कागद पसरला, चार बाजूंनी संत्री ठेवली आणि पॅडचं झाकण उघडलं. ते पाहताच मारोतराव लगबगीने पुढे आले.

"अबे, झाक ते, झाक!" ते वर भोंग्याकडे पाहत कुजबुजले. "सातवी शिकेल होती ती. आंगठा म्हटलं का तिचं डोस्कं फिरते."

आणि जिथे खर्रा असायचा त्या खिशातून त्यांनी पेन काढून कागदावर ठेवलं.