ओळ क्रमांक एक

आदिनाथला पुण्याला जायचं होतं. पुणंच का, असं कुणी विचारलं की तो पगार, अनुभव, पुढची संधी असं काहीबाही सांगायचा. खरं कारण एवढंच होतं, की पुणं बाळीवेशीतल्या मंगल ऑफसेटपासून लांब होतं आणि तिथे अण्णा नव्हते.

अण्णा म्हणजे कुंडलिकराव, आदिनाथचे वडील आणि मंगल ऑफसेटचे मालक. लग्नपत्रिका छापणं हा त्यांचा धंदा आणि दुसऱ्याच्या मजकुरात सुधारणा करणं हा स्वभाव. लाइटबिलाच्या मागच्या बाजूला छापलेल्या सूचनासुद्धा त्यांनी लाल पेनाने तपासून ठेवलेल्या होत्या. खाली प्रेस, वर घर आणि दोन्हीत मिळून संगणक एकच. डिप्लोमा झाल्यापासून आदिनाथ त्या संगणकापुढे बसून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' जुळवत होता आणि अण्णा त्याच्या खुर्चीमागे स्टुलावर बसून "नवरदेवाचं नाव जरा खाली घे," म्हणत होते. असं आयुष्यभर चालेल या कल्पनेने त्याला जेवण जात नसे.

अशात पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला. अपेक्षा मॅडम म्हणून कुणी होत्या. त्यांनी शिक्षण विचारलं, काय काय येतं ते विचारलं आणि शेवटी अट सांगितली.

"अर्ज मेलनेच पाठवायचा, पण जीमेल उघडून नाही. टर्मिनलवरून. मेलचा प्रोग्रॅम तुम्हीच बसवायचा आणि त्याची सेटिंगची फाईल अर्जासोबत जोडायची. पासवर्ड तेवढा काढा त्यातला. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत आला तर विचार होईल. सरांना बघायचंय, कुणाला जमतं ते."

"त्यात काय, मॅडम," आदिनाथ म्हणाला. या शब्दांचा त्याला दुसऱ्या दिवशी फार पश्चात्ताप झाला.

टर्मिनल म्हणजे नुसता काळा पडदा. त्यावर बटणं नाहीत, चित्रं नाहीत, जे हवं ते टाइप करून सांगायचं. मेल कुठल्या मार्गाने जायचा, कुणाच्या नावाने जायचा, पासवर्ड काय, हे सगळं एका फाईलमध्ये लिहून ठेवायचं असतं, एका ओळीत एक हुकूम. प्रोग्रॅम ती फाईल वरून खाली वाचत जातो आणि एखादा हुकूम कळला नाही की ओळीचा नंबर सांगून तिथेच बसकण मारतो. पुढचं वाचत नाही, अंदाज बांधत नाही, समजून घेत नाही.

सकाळी सकाळी आदिनाथने फाईल लिहिली. प्रोग्रॅमने पहिलीच तक्रार केली, की ही फाईल दुसरे लोकही वाचू शकतात, पासवर्ड असलेली फाईल एकट्याच्या मालकीची पाहिजे. ज्या घरात कपाटाला किल्ली नव्हती आणि आलेलं पाकीट कुणीही फोडत असे, त्या घरात आदिनाथने आयुष्यात प्रथमच एका वस्तूला कुलूप लावलं. त्याला बरं वाटलं. अण्णाही त्याच खात्यातून तोच संगणक वापरतात, तेव्हा हे कुलूप अण्णांना लागू नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

मग पासवर्ड. नेहमीचा पासवर्ड असल्या कामाला चालत नाही म्हणे. त्यासाठी एक वेगळा, लांबलचक पासवर्ड मागून घ्यायचा, तो एकदाच दिसतो आणि तो देण्याआधी मोबाइलवर एक कोड येतो. कोड आला, पण आदिनाथच्या मोबाइलवर नाही. दहावीत असताना त्याने मेलचं खातं काढलं होतं तेव्हा त्याच्याकडे मोबाइल नव्हता. त्याने मोडनिंबच्या अभिमन्यू मामाचा नंबर दिला होता.

"मामा, एक मेसेज आला असंल बगा. त्यातला आकडा सांगा की."

"आलाय," मामा शेतातून म्हणाला. "पन त्यात लिवलंय, कुनाला सांगू नका."

"ते दुसऱ्यांसाटी हाय, मामा. मला सांगा."

"कुनालाच म्हंजी कुनालाच. बँकेची बाई बी रोज फोनवर तेच सांगती. आवाज तर आदिनाथचा वाटतुय, पर हल्ली आवाज बी काडत्यात म्हनं."

"मामा, मी आदिनाथच हाय."

"मंग सांग, लहानपनी आमच्याकडं तू कशावरनं पडलास?"

प्रेसमध्ये नागप्पा बसले होते. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेले हे जुने गिऱ्हाईक. त्यांनी वाचत असलेला पेपर खाली घेतला.

"गोठ्याच्या पत्र्यावरनं," आदिनाथ हळू आवाजात म्हणाला.

"कशाला चडलेलास?"

"बोरं चोरायला."

"कुनाची?"

"तुमचीच, मामा. आता सांगा आकडा."

मामाची खात्री पटली, त्याने चष्मा शोधला आणि आकडा सांगितला. तोवर त्या आकड्याची मुदत संपली होती. दुसरा कोड मागवला तर मामा म्हणाला, आता हा नवीन आला, म्हणजे परत खात्री करावी लागंल. या वेळी त्याने आजीच्या म्हशीचं नाव विचारलं. एकंदरीत दुपारच्या आत पासवर्ड मिळाला, फाईलमध्ये गेला आणि आदिनाथने स्वतःलाच एक मेल पाठवून पाहिला. तो पोहोचला. आदिनाथने डोळे मिटून घेतले. पुण्यातली एक खोली त्याला दिसू लागली, तिच्यात एक खुर्ची होती आणि खुर्चीमागे कुणीही नव्हतं.

"आदिनाथ, जेवाय ये रं," वरून आई, मथुराबाई म्हणाली. आता अर्ज लिहायचा तेवढा राहिला होता. फाईल नेहमीच्या लिहायच्या खिडकीत तशीच उघडी टाकून तो वर गेला.

तो वर गेला आणि अण्णा नागप्पांना प्रूफ दाखवायला खुर्चीत बसले. समोर मजकूर उघडा होता. अण्णांनी चष्मा नाकावर ओढला.

"काय ते?" नागप्पांनी विचारलं.

"पोराचा अर्ज दिसतुय, पुण्याला पाठवायचा. इंग्लिशमदी हाय." अण्णांनी मजकूर वरपासून खालपर्यंत पाहिला. "आनि ह्ये बगा. मस्तक कोरं."

"सुरुवातच न्हाय की हो," नागप्पा म्हणाले.

"माज्या प्रेसमदनं आजवर बोडका कागद बाहेर गेला न्हाय. आनि ह्यो माजा पोरगा."

अण्णांनी एका बोटाने, पण बिनचूक, सगळ्यात वरच्या ओळीत '॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥' असं टाइप केलं, मधोमध आणलं, साठवलं आणि शिस्तीने खिडकी बंद केली. नागप्पांनी हात जोडले.

आदिनाथ खाली आला, भराभर अर्ज लिहिला आणि पाठवला. प्रोग्रॅम म्हणाला : ओळ क्रमांक एक, हा हुकूम कळला नाही.

तासाभरापूर्वी कळत होता आणि आता कळत नाही, हे त्याला कळेना. त्याने काळ्या पडद्यावरच फाईल उघडली. त्या पडद्याला देवनागरी येत नव्हती. पहिल्या ओळीत, अगदी मधोमध, नुसते रिकामे चौकोन दिसत होते. संगणक जुना होता, त्याच्या डिस्कचा आवाज हल्ली बदलला होता, हे तो रोज ऐकत होता. आज वरची ओळ सडली, उद्या सगळं सडेल. भीतीच्या भरात त्याने अख्खी फाईल पुसून टाकली आणि पुसल्यावर त्याला आठवलं, की तो लांबलचक पासवर्ड फक्त तिच्यातच होता.

"मामा, परत एक मेसेज आला असंल."

"आलाय. आता ह्ये सांग, तुज्या आईच्या लग्नात रुसून कोन बसलं व्हतं?"

"मामा, मी तवा जन्मलो नव्हतो."

"घरच्या मान्साला म्हाईत असतंय."

आदिनाथने वर जाऊन आईला विचारलं. आईने आधी "कशाला पायजे?" असं विचारलं, मग धाकट्या आत्याचं नाव सांगितलं आणि ती का रुसली हे सविस्तर सांगायला बसली. ते अर्धवट सोडून आदिनाथ जिन्यावरून मामाला उत्तर सांगत, कोड ऐकत खाली आला. नवा पासवर्ड मिळाला. नवी फाईल झाली. त्याच्या अंगाला दरदरून घाम सुटला होता. तो तोंडावर पाणी मारायला मागे गेला.

अण्णांनी पाहिलं, मस्तक परत कोरं.

परत आल्यावर ओळ क्रमांक एकचीच तक्रार होती आणि तेच चौकोन तिथेच मधोमध बसलेले होते. या वेळी त्याने फाईल पुसली नाही, तेवढी अक्कल त्याला आली होती. फक्त ती ओळ उडवली आणि डिस्क काही दगा देते का म्हणून तो टेबलाखाली शिरून वायर हलवत राहिला. वायरी घट्ट होत्या. पाच वाजत आले होते. टेबलाखालच्या अंधारात, कागदाच्या कात्रणांत बसून त्याने स्वतःला वीस वर्षांनंतर बघितलं. तेव्हाही तो 'आमचे येथे श्रीकृपेकरून' जुळवत होता. त्याला खरोखरच रडू आलं.

तेवढ्यात डोक्यावर टेबलाच्या फळीवर टकटक ऐकू आली. कुणीतरी एका बोटाने टाइप करत होतं.

तो बाहेर आला. अण्णा उभ्या उभ्याच, वाकून, पहिल्या ओळीत काहीतरी लिहीत होते.

"अण्णा, काय करताय?"

"मस्तक घालतोय. दोनदा घातलं, दोनदा तू उडवलंस. घाईत आसशील म्हनून मी बोललो न्हाय."

आदिनाथ कागदाच्या रिमावर बसला.

"अण्णा, ती पत्रिका न्हाय. पैल्या ओळीपासनं मशीन हुकूम म्हनून वाचतंय. त्याला ह्ये कळत न्हाय आनि ते बंद पडतंय. माजी नोकरी चाललीय अण्णा, ह्या एका ओळीपायी."

अण्णांनी हात मागे घेतला. त्यांचा चेहरा उतरला.

"मग काडतो," ते म्हणाले. "पर एवडं मोठं काम आनि वर काय बी न्हाय... बरं. काडतो."

आदिनाथ त्यांच्याकडे बघत राहिला. ओळ काढली आणि तो वळला, की ती परत येणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. अण्णा मुद्दाम करणार नाहीत, त्यांचा हातच तिकडे जाईल. त्याने कीबोर्ड ओढला आणि त्या ओळीच्या आधी जाळीसारखं एक चिन्ह टाकलं.

"ह्ये काय?"

"ह्ये घातलं की मशीन ती ओळ सोडून देतंय. वाचतच न्हाय."

"आनि मानूस?"

"मानूस वाचतुय."

"मग झालं की," अण्णा म्हणाले आणि त्यांनी ओळ मधोमध आहे ना ते तेवढं बघून घेतलं.

आदिनाथने पासवर्ड वगळून फाईलची प्रत अर्जाला जोडली आणि पाठवलं. प्रोग्रॅम काहीच बोलला नाही. म्हणजे मेल गेला होता. ती वरची ओळ प्रतीतून काढायची राहून गेली, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा पाच वाजून गेले होते. मग तो रात्रभर, कंपनीत कोण कोण हसत असेल, याचाच विचार करत राहिला.

दुसऱ्या दिवशी अपेक्षा मॅडमचा फोन आला. अण्णा समोरच नागप्पांच्या पत्रिका मोजून बांधत होते.

"तुमचा मेल आला. खरं म्हणजे तुमचा एकट्याचाच आला. बाकीच्यांनी जीमेलवरूनच पाठवले. एकाने तर काळ्या पडद्याचा फोटो पाठवला." मॅडमनी आवाज खाली घेतला. "आता तुमच्यापासून काय लपवायचं, इथेही ते कुणाला जमत नव्हतं. सर महिनाभर मागे लागले होते. काल तुमची फाईल जशीच्या तशी घातली, आमचा पासवर्ड टाकला आणि मेल गेला. सरांनी पेढे वाटले."

आदिनाथ खुर्चीत ताठ बसला.

"फक्त त्या पहिल्या ओळीचं विचारायचं होतं. सिद्धेश्वर प्रसन्न. मी म्हटलं, हिचं काही काम दिसत नाही, काढून टाकू. तर सर माझ्यावरच चिडले. महिन्याने एक गोष्ट चालू झालीय, तिला कुणी हात लावायचा नाही म्हणाले. तुम्ही जाणकार आहात. काढली तर चालेल ना?"

चालेल, असं सांगायला आदिनाथने तोंड उघडलं. ती ओळ काहीही करत नाही, मशीनला ती दिसतसुद्धा नाही, हे जगात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मग त्याला टेबलाखालचा अंधार आठवला, मामाचे प्रश्न आठवले, आत्याचं रुसणं आठवलं.

"नको, मॅडम," तो म्हणाला. "राहू द्या. कशाला उगाच."

"सर पण हेच म्हणाले. बरं, ऑर्डर मेलने पाठवते. आता जातो आमचा मेल. सोमवारपासून सुरू करा."

"पुण्यात उतरायची सोय मी बघतो, मॅडम."

"छे हो, पुण्याला कशाला? आमचं ऑफिस म्हणजे सर, मी आणि एक टेबल. काम तिथूनच करायचं. तुमच्याकडे संगणक आहे, तोच राहू द्या. सर म्हणाले, जिथे चालू झालंय तिथून हलवायचं नाही."

फोन बंद झाला तरी आदिनाथने तो कानाला तसाच धरून ठेवला होता. अण्णांनी गठ्ठ्याची गाठ मारली आणि वर पाहिलं.

"लागली नोकरी?"

"लागली."

"बसायचं कुटं?"

"हितंच," आदिनाथ म्हणाला.

"बरं झालं," अण्णा म्हणाले आणि स्टूल ओढून त्याच्या खुर्चीमागे बसले.