पिंपातला समुद्र

"पप्पा, समुद्र म्हंजे नेमका कसा असतो?" पायलनं विचारलं आणि पहिल्याच प्रश्नाला महिपतीला घाम फुटला. घरातून चिंचोळी एमआयडीसीतला कारखाना आणि कारखान्यातून घर, त्यानं तरी समुद्र कुठे पाहिला होता? पण उद्या पोरीची तोंडी परीक्षा. निर्जन बेटावर अडकलेल्या खलाशाचा धडा, त्यातले अवघड शब्द आणि वर समुद्राचं विज्ञान. "ह्या वेळी पायल अडली तर शिकवणी लावायची," असं रेश्मानं नवऱ्याला बजावलं होतं. "शिकवणी कशाला? मी मेलोय व्हय?" असं तो छाती काढून बोलून बसला होता. आता माघार कशी घेणार!

"थांब, समुद्रच आणतो घरी."

"बादली देऊ?"

"समुद्र बादलीत मावतोय व्हय गं?"

अंगणात दोन पिंपं होती. निळं प्यायच्या पाण्याचं, काळं वापरायच्या. महिपतीनं काळ्यात खडेमीठ ओतलं आणि अंडं सोडलं. अंडं बुडालं.

"म्हण, क्षारता!"

"क्षारता!"

आणखी मीठ. अंडं तळालाच.

"म्हण, घनता!"

मीठ संपलं. दुकान गाठलं, पुन्हा ओतलं. गडी हट्टालाच पेटला होता. शेवटी अंडं डुलत वर आलं, तेव्हा बापलेक टाळ्या पिटत नाचले.

तेवढ्यात रेश्मा बाहेर आली. काळ्या पिंपातून तिनं तांब्या भरला, एक घोट घेतला आणि थू थू करत थुंकली.

"अहो, ह्यात काय कालवलंत?"

"समुद्र. पर तू वापरायचं पाणी कशाला पितीस?"

"सकाळी बोंबलून सांगितलं की! निळं गळतंय, प्यायचं पाणी काळ्यात भरलंय म्हणून. तुमी 'हं' म्हणालात!"

म्हणाला होता खरा. हातात मोबाईल असला की हा माणूस सगळ्यालाच 'हं' म्हणतो. आता नळाला पाणी यायचं चार दिवसांनी!

"तुमच्या त्या खलाशानं काय केलं, तेच करा आता," रेश्मा कडाडली.

"केलंच समज!" महिपतीनं समुद्राचं पातेलं गॅसवर चढवलं, वर ताट झाकलं. "म्हण, बाष्पीभवन!"

संध्याकाळपर्यंत ताटाखालचे थेंब टिपून टिपून जेमतेम वाटीभर पाणी जमलं. 'बाष्पीभवन' ओरडून घसा सुकलेल्या पायलनं ते एका दमात संपवलं. शेवटी भिंतीपलीकडच्या कमरबींनी कळशी दिली, तेव्हा कुठं भात शिजला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "चारी बाजूंना पाणी, मग खलाशी तहानलेला का?"

पायल ताडकन उठली. मिठानं तहान का वाढते, अंडं का तरंगतं, वाफेचं पाणी कसं करतात आणि मेलं ते किती थोडं मिळतं, सगळं तिनं अगदी कळवळून सांगितलं. वर्गात पहिली आली!

त्याच संध्याकाळी कमरबी नातीला घेऊन दारात हजर. "महिपती, आमच्या झीनतला बी शिकव रे बाबा. फी म्हणून ही कळशी घे."

बातमी गल्लीभर झाली. पोरं येऊ लागली, प्रत्येकाच्या हातात पाण्याचं भांडं. रेश्मानं समुद्र उपसून काढला, नवऱ्याच्या आंघोळीला ठेवला. म्हणजे तो शेवटी बादल्यांतच मावला. मग तिनं पिंप घासलं आणि बघता बघता ते गोड्या पाण्यानं काठोकाठ भरलं. शिकवणी लावायची होती, ती तिच्याच अंगणात लागली. दोन दिवसांनी पहिल्यांदाच ती नवऱ्याशी हसून बोलली.

"लई झ्याक शिकवता की! उद्या कुठला धडा?"

"दुष्काळ," महिपती बाह्या सरसावत म्हणाला.

रेश्मानं पिंपाला झाकण लावलं आणि ती त्यावर बसली.