दोन पिक्चर चाललेला कूलर

अक्षर वेडंवाकडं आहे, काना-मात्रा चुकले असतील, माफ करा. चौथीनंतर हातात आला तो ब्लाउजच्या कापडावर रेघा मारायचा खडू. ही वही माझ्या ट्रंकेतच राहणार आहे. पण हबीबचाचांबद्दल लिहून ठेवावंसं वाटलं.

चाचा कूलर दुरुस्त करतात, आणि तो किती वेळ चालला हे तासांत सांगत नाहीत, पिक्चरमध्ये सांगतात. "एकच पिक्चर चाललाय, अजून भरवसा न्हाई. दोन झाले की घेऊन जा."

दिंद्रुडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं पत्र्याचं दुकान. उन्हाळा लागला की दुपारी दुरुस्त केलेले तीन-चार कूलर एकदम सुरू करायचे, समोर सतरंजी टाकायची आणि जुन्या टीव्हीवर मारामारीचा पिक्चर लावायचा. बाया, म्हातारे, सगळे गार वाऱ्याला येऊन बसतात. असे दोन पिक्चर होईपर्यंत कूलर गळला नाही, कुरकुरला नाही, की पास.

टीव्हीचा आवाज मात्र बंद. "आवाज लावला तर मोटर कशी ऐकू येईल?" मग आवाज चाचाच तोंडानं काढणार. हिरोनं हात उगारायच्या आधीच यांचं "धाड!"

शेजारचे किसनदादा ओरडायचे, "हबीब, मार बसायच्या आधीच पाडतोस की बे त्याला!"

"पडनार हाय हे म्हाईत हाय ना? मग उगं कावून वाट बघायची?"

पाच वाजता लोक उठले की दुसरा खेळ. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांवरचे माहितीपट. चाचा त्यांना 'उस्तादवाले पिक्चर' म्हणतात. त्यात कुणी म्हातारा सारंगीला तार चढवतोय, कुणी तबल्याला शाई लावतोय. तेव्हा सगळे कूलर बंद, टीव्हीचा आवाज गल्लीभर, आणि चाचा घामानं निथळत, स्पीकरच्या डब्यावर तळहात ठेवून बसलेले. सासूबाई म्हणायच्या, "मारामारी मुकी अन् गाणं गावभर! उलटंच डोकं हाय माणसाचं."

या सासूबाईंना ऊन सोसत नाही म्हणून मागच्या वर्षी मी चाचांकडून जुना कूलर उधार घेतला. दोन हजारांचा, जमेल तसे द्यायचे. मी आधीच लाजरी, त्यात देणं. सतरंजीच्या अगदी कडेला बसायची.

एका दुपारी एका कूलरचा पंखा आतल्या जाळीला घासून किंचाळायला लागला. म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. चाचा छाती काढून म्हणाले, "बघा, हाय का आवाज? झोपलेल्या लेकरावानी चालतोय."

सगळे पोट धरून हसले. त्यांना गंमत वाटली. चाचाही हसले, पण त्यांची नजर एकेका तोंडावरून फिरत होती, काय झालं ते शोधत. मी उठले, पाणी ओतायचं निमित्त केलं आणि बटण बंद केलं. त्यांच्याकडे बघून बोट कानाला लावलं, मग पंख्याकडे दाखवलं.

लोक गेल्यावर म्हणाले, "दोन वर्सं झाली, बेटी. पत्रा ठोकून ठोकून कान गेले. पर गिऱ्हाइकाला कळलं तर? ज्याला मोटर ऐकू येत न्हाई त्याला कूलर कोन देईल?"

मी कानात यंत्र घालायची खूण केली.

"ते घालून बसू? त्यापरीस दुकानावर पाटीच लावतो ना!"

तेव्हापासून मी रोज दुपारी शिवण बाजूला ठेवून जायला लागले. पंखा घासला की मी डोकं खाजवायचं, पंप पाण्यावाचून घरघरला की पदर सावरायचा. किसनदादांना वाटलं माझ्या डोक्यात उवा झाल्या. त्यांच्या बायकोनं फणी पाठवली.

आणि पाच वाजता चाचा विचारायचे, "आता काय वाजतंय?"

मला गाण्यातलं काय कळतं? पण त्यांच्याकडे तोंड करून सावकाश सांगायची. "तबला, चाचा. तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखा." "आता सारंगी. कुणीतरी बोलता बोलता गप्प झाल्यासारखी."

ते डोळे मिटून घ्यायचे. "हां. बराबर हाय. आमच्या शमीमला उस्तादवालेच लई आवडायचे. ती असताना मी मारामारीच बघत बसलो. तिच्यासंगं एक बी ऐकला न्हाई."

शमीमचाचीला जाऊन चार वर्षं झाली.

परवा शिलाईचे पैसे आले. शेवटचे तीनशे रुपये मी चाचांच्या हातावर ठेवले. "चाचा, फिटले सगळे."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. नोटा मोजल्या नाहीत, नुसत्याच सरळ करत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आता तू येनार न्हाईस." त्यातले दोनशे माझ्यापुढं धरले. "एवढे ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. पुढच्या उन्हाळ्यात दे. घाई न्हाई काई."

मी ते दोनशे घेतले आणि त्यांच्या गल्ल्यात टाकून झाकण लावलं. मग सतरंजीवर येऊन बसले. कडेला नाही, टीव्हीसमोर, मधोमध. आता एक रुपयाही बाकी नव्हता.