हरबाजी सांबर एक पाऊल मागे

एका जंगलात फुटबॉलचा संघ होता. जनावरं फुटबॉल कशी खेळतात, असं कुणी विचारलं तर त्यानं उठून बाहेर जावं. मला गोष्ट सांगायची आहे.

बाळांनो, तुम्ही मोबाइलवर तो खेळ खेळता ना? स्वतः पळायचं नाही, दुसऱ्यांना पळवायचं आणि हरलो की त्यांना शिव्या घालायच्या. त्या जंगलात हे काम सोपानराव मुंगूस करायचे. ते संघाचे व्यवस्थापक. वारुळाला टेकून, मांडीवर पाटी घेऊन बसायचे. तोंड वारुळाकडे, पाठ मैदानाकडे. का? तर पाटीवर ऊन पडलं की आकडे दिसत नाहीत!

पाटीवर प्रत्येक खेळाडूचं नाव आणि त्याचे गुण. वेग किती, दम किती, उडी किती. दर दसऱ्याला सोपानराव थुंकी लावून जुने आकडे पुसायचे. तरुणांचे वाढवायचे, म्हाताऱ्यांचे कमी करायचे. खेळ बघून नव्हे हां, वय बघून.

आता हरबाजी सांबराचं ऐका. एके काळी तो सगळ्यांत पुढे खेळायचा. पहिल्यांदा त्याचा दम घटला, तेव्हा सोपानराव गोड आवाजात म्हणाले, "हरबाजी, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला टाकून द्यायचं नसतं. फक्त थोडं मागे घ्यायचं असतं."

"मी सांबर आहे," हरबाजी म्हणाला.

"तेच ते. एक पाऊल मागे."

मग हरबाजी मधल्या फळीत गेला. पुढच्या दसऱ्याला बचावात. त्याच्या पुढच्या दसऱ्याला गोलरक्षक. तिथं त्याची शिंगं जाळ्यात अशी अडकली, की सामना थांबवून जाळं कुरतडायला घुशी बोलवाव्या लागल्या. मग त्याला गोलच्या मागे उभं केलं. बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचा, एवढंच काम. नाव पाटीवर सगळ्यांत खाली, पण होतं.

गोलच्या मागे काय होतं माहीत आहे? ओढा, मैदानाला वळसा घालून दोन्ही गोलांच्या मागून जाणारा. म्हणजे पुढच्या दसऱ्याला आणखी एक पाऊल मागे गेलं, की हरबाजी संघाबाहेर आणि पाण्यात. त्याला ते ठाऊक होतं. आणि इतकी वर्षं खेळून त्यानं एकदाही चषक जिंकला नव्हता. वाळलेल्या दुध्या भोपळ्याचा चषक होता तो, पण जीव अडकला होता बिचाऱ्याचा.

तर त्या वर्षी आपला संघ अंतिम सामन्यात पोचला. समोर पलीकडच्या जंगलाच्या नीलगायी. गेल्या वर्षीचा चषक त्यांच्याकडे. बरोबरी झाली तर तो त्यांच्याकडेच राहणार, असा नियम. आणि शेवटची पाच मिनिटं उरली, तेव्हा एक-एक अशी बरोबरीच होती.

आपला झिपऱ्या ससा पुढे खेळायचा. पाटीवर वेग वीसपैकी वीस. वेडा नुसता पळत होता! चेंडू एकीकडे, हा भलतीकडे. तेवढ्यात आपल्या रानडुकराचा पाय मुरगळला. राखीव म्हणून साळिंदर बसलं होतं, पण त्यानं आदल्या सामन्यात दोन चेंडू फोडले होते. त्याला कोण घेतो?

"सोपानराव, कुणाला घेऊ?" झिपऱ्या ओरडला.

"थांब रे, बेरीज चाललीय!" सोपानराव वारुळाकडे बघत म्हणाले. "गुणांमध्ये आपण बारानं पुढे आहोत. काळजी करू नका."

झिपऱ्यानं कपाळावर हात मारला. मग गोलच्या मागे बघितलं.

"हरबाजीआजोबा, या ना!"

"माझा दम तीन आहे रे."

"कोण म्हणतं?"

"पाटी."

"पाटी खेळतेय का इथं? या म्हणतो ना!"

पंच टिटवीनं पाटीत डोकावून नाव पाहिलं आणि शिट्टी दिली. हरबाजी मैदानात आला. पळाला-बिळाला नाही. सावकाश चालत थेट नीलगायींच्या गोलपाशी जाऊन उभा राहिला. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे कोण बघतो, सांगा?

झिपऱ्या चेंडू घेऊन सुटला. मागे तीन नीलगायी.

"झिपऱ्या, थांब!" हरबाजी गरजला.

जन्मात पहिल्यांदा तो ससा थांबला. नीलगायींना थांबता येईना, त्या तशाच पुढे घसरत ओढ्यात. "आता दे इकडे," हरबाजी म्हणाला. झिपऱ्यानं चेंडू दिला. हरबाजीनं खुरानं हलकेच ढकलला. गोल!

अरे, काय दंगा झाला म्हणून सांगू! हरबाजी तो भोपळा छातीशी धरून ढसाढसा रडला. मलाही सांगताना भरून येतं, पण ते असू द्या.

आरडाओरडा ऐकून सोपानराव वळले. "जिंकलो ना? बेरीज तेच सांगत होती."

मग दसरा आला. सोपानरावांनी थुंकी लावली आणि हरबाजीचा दम तीनचा दोन केला.

"एक पाऊल मागे, हरबाजी."

"सोपानराव, चषकाचा गोल मी केला होता."

"केला असेल हो. पण पाटीवर गोलाचा रकाना नाही."

 हरबाजी ओढ्यात गेला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. वाईट वाटलं त्याला, फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिपऱ्या ओढ्यावर आला. "आजोबा, कधी थांबायचं ते कसं कळतं?" मग रानडुक्कर आलं. मग एकेक करून सगळेच आले, साळिंदरसुद्धा. हरबाजी पाण्यात उभा राहून शिकवू लागला आणि बाकीचे काठावर खेळू लागले.

मैदानात चिटपाखरू नव्हतं. पण पाटीवर अकरा नावं होती. सोपानरावांनी वारुळाकडे बघत त्यांखाली लिहिलं, "सराव जोरात चालू आहे." आणि खरं सांगतो, ते खोटं नव्हतं.

तात्पर्य : म्हाताऱ्या खेळाडूकडून उत्तम खेळ करून घ्यायचा असेल, तर व्यवस्थापकानं मैदानाकडे पाठ करून बसावं आणि बेरजेत चूक होणार नाही, एवढी काळजी घ्यावी.