अजून चार बोटं

नागोराव वस्तादांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. नावं त्याहून नाही. ते माणूस ओळखायचे त्याच्या दुखण्यावरून, आणि दुखणं ओळखायचे चालीवरून. तालमीच्या पायरीवर बसल्याबसल्या, गल्लीच्या टोकाला कुणी वळलं की ते म्हणायचे, "डावी टाच यायलीय." टाच जवळ आली की आम्हाला कळायचं, हे कोतवालीतले जमादार. शहागंजातला दाणेवाला म्हणजे 'कंबर'. पोस्टातले कारकून म्हणजे 'मान'. मी 'उजवा खांदा'. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

एकदा गल्लीतल्या लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला. बायका ओवाळायला पुढे झाल्या. तेवढ्यात मांडवाच्या कडेनं वस्तादांचा आवाज आला, "ह्याचा गुडघा अजून वाकंना." मुलीच्या बापाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वस्तादांच्या मनात काही वावगं नव्हतं. तो गुडघा त्यांनीच दोन महिने शेकलेला होता, आणि तो भेटल्याचा त्यांना आनंद झाला होता.

दुसऱ्यांदा प्रसंग उलटा होता. आमच्याकडचे एक वजनदार गृहस्थ वारले. चौघे तिरडी उचलायला वाकले, तर मागून वस्ताद म्हणाले, "कमरेतनं नाय. खाली बसा. पाठ सरळ ठेवा, अन् मांड्यांच्या जोरावर उठा. गेलेला गेला, तुमी चौघं कायला आडवं होता?" चौघे निमूट बसले आणि नीट उठले. रडणाऱ्या बायकांपैकी दोघींनी पदर तोंडाला लावला तो हसू दाबायला. त्यातली एक मी. मी सरकारी दवाखान्याच्या जनाना वॉर्डात नर्स होते. रोगी उचलताना आम्हाला हेच शिकवतात. त्यामुळे सांगण्यात खोट काढता येईना. वेळेचा प्रश्न वेगळा.

तेव्हा औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं, आणि तालमीला शहरात मान होता. आमच्या गल्लीमागची तालीम लहान. लाल मातीचा हौद, कोनाड्यात मारुती, दोन मुद्गल, एक दगडी गदा, आणि वस्ताद. वय साठीच्या आसपास, उंची बेताची, रुंदी भरपूर, कान कुस्तीत चुरगळून सुक्या अंजिरासारखे झालेले. नवीन पोरगं आलं की त्याला सहा आठवडे कुस्ती नाही. फावडं हातात द्यायचं आणि हौदाची माती रोज खालवर करायला लावायची. पोरं कंटाळायची, दंड फुगले का म्हणून चाचपून बघायची. वस्ताद म्हणायचे, "एका दिवसात वाढते ती सूज. ताकद नाय."

वजन उतरवायला त्यांच्याकडे मोठी मोठी माणसं येत. आमच्या गल्लीतले वकीलसाहेब इतके फुगले होते, की जोड्याचे बंद बांधायला घरात माणूस लागायचं. त्यांना वाटलं, वस्ताद उपास सांगतील, कारल्याचा रस सांगतील. वस्ताद म्हणाले, "काय बी खा. पण जेवायला जमिनीवर बसायचं, अन् दर पोळीला स्वतः उठून चुलीपासून आणायची. उठताना हात टेकायचा नाय."

"म्हणजे माझ्याच घरात मी वाढप्या?" वकीलसाहेब तापले.

"वाढपी बारीक असतात, साहेब," वस्ताद म्हणाले.

पहिल्या दिवशी वकीलसाहेब दोन पोळ्यांवर थांबले, कारण तिसरीसाठी उठवेना. पुढे उठता यायला लागलं तोवर दोन पोळ्यांचीच सवय झाली होती. सहा महिन्यांनी त्यांची शेरवानी दोन्ही अंगांनी आत घ्यावी लागली. एका संध्याकाळी ते मुद्दाम तालमीवरून गेले आणि वाकून आदाब केला. वस्तादांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोण आपण?" वकीलसाहेब महिनाभर रुसले होते.

माझं दुखणं माझ्या मूर्खपणाचं. टांग्यातून उतरताना पडले आणि उजवा दंड मोडला. डॉक्टरांनी हाड उत्तम जुळवलं, सहा आठवडे हात गळ्यात अडकवून ठेवायला सांगितलं. मी जास्त शहाणी. नऊ आठवडे ठेवला. सोडला तेव्हा हाड पक्कं होतं आणि खांदा दाराची बिजागरी गंजावी तसा गंजला होता. हात छातीच्या वर जाईना. मोठ्या नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं, रुखसत, म्हणजे रजा, आणखी दोन महिने मिळेल, त्यानंतर डॉक्टर तपासतील. हात डोक्यावर गेला आणि रोगी उचलता आला तर कामावर या. नाही तर जागा दुसरीला. त्यांचंही बरोबर होतं, एका हाताची नर्स वॉर्डात काय करणार? पण मी विधवा, मुलगी हैदराबादला शिकायला, आणि दोघींचं सगळं त्या नोकरीवर.

शेजारची रजिया खाला म्हणाली, "वस्ताद कू बुला, बाई."

"मी नर्स आहे, खाला. तालमीतल्या माणसाकडून खांदा चोळून घेऊ?"

"नर्स है तो क्या हुआ? बाल तो तेरे मईच गूंथती. और उनों चोळते कां? उनों औरतां कू हात नै लगाते. पन हात बिठाते."

हात मोडल्यापासून माझी वेणी तीच घालत होती, आणि वस्तादांचंही खरंच होतं. वस्तादांनी ऐन विशीत मारुतीपुढे शपथ घेतली होती, लग्न करायचं नाही आणि बाईच्या अंगाला हात लावायचा नाही. पैलवानांत अशी शपथ पुष्कळ जण घेतात आणि पुढे सोयीनं सोडतात. ह्यांनी चाळीस वर्षं पाळली. पण लचकणं-मुरगळणं बायकांनाही असतंच. तेव्हा वस्तादांनी हात न लावता दुखणं काढायची आपली एक पद्धत बसवली होती.

सकाळी तालीम पांगल्यावर ते आले. ओसरीच्या खालच्या पायरीवर उभे राहिले, वर चढले नाहीत. मला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं.

"हाड जुळलंय?"

"जुळलंय."

"मंग हात पोटाशी धरून कशापायी चालायलाव?"

"जपते आहे."

"गळ्यात किती दिवस होता?"

"डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितला होता. मी नऊ ठेवला."

वस्तादांनी खालाकडे पाहिलं. "अन् ह्या नर्स."

खाला सुपारी कातरत होती. ती इतकी हसली की अडकित्ता खाली ठेवावा लागला.

पहिले पंधरा दिवस लोटा. ओणवं व्हायचं, डावा हात खाटेवर टेकायचा, उजव्या हातात अर्धा भरलेला लोटा धरायचा आणि तो लंबकासारखा लोंबू द्यायचा. "हलवू नका. हलू द्या," एवढंच ते सांगत. मग फेटा. वस्ताद डोक्यावरचा फेटा उलगडत, पायरीवरूनच काठीनं ओसरीच्या आढ्यातल्या झोपाळ्याच्या कडीतून ओवत. एक टोक खाला माझ्या उजव्या मनगटाला बांधे, दुसरं माझ्याच डाव्या हातात. डाव्यानं खाली ओढायचं, उजवा आपोआप वर जातो. वस्ताद पायरीवर बसून मधला कापडाचा पट्टा दोन बोटांत नुसता धरून ठेवत.

"दुखायलंय की चावायलंय?" हा त्यांचा कायमचा सवाल. बोथट दुखलं तर करत राहायचं. सुरीसारखं चावलं की तिथंच थांबायचं. हे मी आजही रोग्यांना सांगते, कुणाचं ते सांगत नाही. पण विचारायची त्यांना गरज नसे. मी 'आई गं' म्हणायच्या आधी ते म्हणत, "चावलं. सोडा." नाडी बघणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत. कापडाची नाडी बघणारा हा एकच.

महिन्यानंतर भिंत. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि मुंगी चढते तशी बोटं चढवत न्यायची. जिथं थांबतील तिथं वस्ताद पायरीवरूनच काठीला बांधलेल्या कोळशानं बारीक रेघ ओढत. वर एक जाड रेघ होती. "हितं पोचला की सुटलात." बारीक रेघा रोज वर सरकत होत्या. खांदा सुटत होता, वेणी माझी मी घालायला लागले. मात्र जाड रेघेशी बोटं पोचत आली, की ती पुसून ते वर दुसरी ओढत. असं दोनदा झालं. "खांदा ऐकायलाय, तर थोडं अजून," ते म्हणत. मला वाटलं, कडक शिस्त.

सुरुवातीला ते दहा मिनिटं थांबत. चहा घेत नसत, पैलवानानं घेऊ नये म्हणून. पुढे खालानं आलं घालून केलेला चहा औषध म्हणून घ्यायला लागले. औषध चालू राहिलं आणि ऊन दुसऱ्या पायरीवर येईपर्यंत बसणंही. एकदा मला विचारलं, "भात खालून करपतो कशानं?" चाळीस वर्षं स्वतः रांधणारा माणूस. मी आच कमी करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की करपला नाही. आणखी एकदा, फेटा बोटांत धरून, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाले, "पोरं पहाटं येतात. सातला पांगतात. मंग दिवस लई लांब असतो." मी डाव्या हातानं ओढत राहिले.

तपासणीचा दिवस जवळ आला. जाड रेघ अजून चार बोटं वर होती. पंधरा दिवस चार बोटं ती चारच. वस्ताद खोटं बोलत नसत. त्यांना ते जमत नाही हे नवरदेवाच्या सासऱ्यापासून सगळ्यांना माहीत होतं. ते नाही म्हणतात म्हणजे खांदा बरा नाही. मी मुलीला पत्र लिहायला घेतलं होतं, की कदाचित तुला परत यावं लागेल. अर्धं लिहून ठेवलं.

आदल्या दुपारी ओसरीत एकटीच होते. उजवा हात चढवला. चार बोटं कमी. पुन्हा चढवला. चार बोटं. मग नर्सला पहिल्या वर्षी शिकवतात ते मला इतक्या उशिरा आठवलं, की दुखऱ्या अंगाशेजारी धड अंग लावून बघायचं.

डावा हात चढवला. चार बोटं कमी.

टाचा टेकल्या आहेत ना ते पाहिलं आणि पुन्हा चढवला. तीच चार बोटं. माझ्या उंचीच्या बाईचा कुठलाच हात त्या रेघेला लागणार नव्हता. खांदा पंधरा दिवसांपूर्वीच बरा झालेला होता, आणि हे तालमीच्या वस्तादांना कळलं नसेल असं मानायला मी तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे हात डोक्यावर नेला, एक भरभक्कम बाई खाटेवरून स्ट्रेचरवर घेतली आणि तंदुरुस्तीचा दाखला घेऊन घरी आले. अर्धं पत्र चुलीत घातलं. राग आला होता का? आला होता. पंधरा दिवसांच्या काळजीचं काय, हे विचारायचं मी ठरवलंच होतं.

सकाळी वस्ताद वेळेवर आले. फेटा उलगडला, कडीतून ओवला. मी बोटं चढवली.

"अजून चार बोटं," ते म्हणाले.

"काल तपासणी झाली, वस्ताद. दाखला मिळाला. सोमवारी कामावर जायचं आहे."

"मिळाला? लई चांगलं झालं." त्यांनी फेटा कडीतून ओढून घेतला आणि मांडीवर घडी घालायला लागले. एवढा मोठा फेटा, घडी काही केल्या नीट बसेना.

"आणि माझा डावा हातही त्या रेघेला पोचत नाही. मी लावून बघितला."

खालाचा अडकित्ता थांबला. वस्तादांनी भिंतीकडे पाहिलं, मग पायरीकडे. त्यांचे ते अंजिरासारखे कान हळूहळू लाल झाले. माझ्याकडे पुढची वाक्यं तयार होती आणि चांगली कडक होती.

"असं?" ते पायरीकडेच बघत म्हणाले. "मंग डावा बी आखडला असंल."

मी त्यांच्या मांडीवरच्या वाकड्या घडीकडे पाहिलं.

"असेल," मी म्हटलं. "किती दिवस लागतील?"

"लई जुना दिसतो," वस्ताद म्हणाले. "सांगता यायचं नाय."

मी फेट्याचं टोक त्यांच्या मांडीवरून उचलून खालाच्या हातात दिलं आणि डावं मनगट पुढे केलं. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन सकाळच्या पाळीऐवजी दुपारची मागून घेतली. ती कुणालाच नको असते, त्यामुळे लगेच मिळाली.