सरलष्कर हैबतरावांच्या कापडी हत्तीची बखर

श्री. जी जगन्माता आकाशाचे वस्त्र शिवून त्यातील टाका कोणास दिसो देत नाही, तीस साष्टांग नमन करोन ही हकीकत लिहिली जाते. शके सतराशे अकरा, सौम्य नाम संवत्सरी, भाद्रपदमासी एके राज्यात वर्तमान घडले ते ऐसे. राज्याचे नाव पुसो नये. राज्य लहान, परंतु दरारा मोठा. गादीवर राणीसाहेब, बहुत शहाण्या आणि थोडे बोलणाऱ्या. कारभारी चिमणपंत, ज्यांस पाल चुकचुकली तरी तीत फितुरी ऐकू येत असे. आणि फौजेवर सरलष्कर हैबतराव, वय वर्षे बासष्ट, सात किल्ले घेतलेले, गालावर तलवारीची खूण, मिशा ऐशा की त्यांच्या आधी त्या दरवाजातून आत येत आणि मग पाठीमागून ते येत.

हैबतरावांचे चिरंजीव सरहद्दीच्या ठाण्यावर असत, आणि सून मैनाबाई चार वर्षे माहेरी होत्या, त्या याच साली लेकीस घेऊन सासरी आल्या. लेकीचे नाव येसू, वय वर्षे चार. वाटेत नदी उतरताना होडी डोलली आणि येसूच्या हातातला कापडी हत्ती पाण्यात पडोन वाहून गेला. पोर रडत रडतच घरी आली, आणि दारात आजोबांची स्वारी पाहोन, मिशा पाहोन, गालावरची खूण पाहोन जी ओसरीच्या खांबाआड लपली ती बाहेर येईना. हैबतराव पुढे झाले, तो पोर किंचाळली. मग गूळखोबरे घेऊन गेले, तरी किंचाळली. मग मिशा पगडीत खोवून गेले, तेव्हा तर मैनाबाईंसही हसू आवरेना. ज्यांनी सात किल्ल्यांचे दरवाजे फोडिले ते हैबतराव एका खांबापुढून तीन वेळा माघारी फिरले, आणि त्या दिवशी त्यांस जेवण गोड लागले नाही.

मग त्यांनी गजशाळेतून खासा हत्ती आणविला, झूल घालोन, घंटा बांधोन, अंगणात उभा केला. येसूने खांबाआडून एक डोळा काढिला, वर पाहिले, आणखी वर पाहिले, आणि भोकाड पसरोन म्हणाली, "हा नको! माझा एवढा होता!" आणि दोन हातांनी वीतभर माप दाखविले. मग हैबतरावांनी सरकारी शिंप्याकडे जासूद धाडिला. शिंप्यापुढे दसऱ्याच्या दरबाराचे सत्तर अंगरखे पडलेले. त्याने सांगोन पाठविले की दसरा उलटल्यावर पाहू. तेव्हा मैनाबाई म्हणाल्या, "मामंजी, त्यात शिंपी कशाला? माझ्या आईनं जुन्या लुगड्याचा घरीच शिवला होता. मी उद्या बसून शिवते की." हैबतराव म्हणाले, "नको सूनबाई. आजीनं शिवून दिला, म्हणून पोरीला आजी हवी. मी शिवून दिला तर..." आणि वाक्य तेथेच सोडोन जोड्यात पाय घालोन चालते झाले.

उत्तर वेशीपाशी ठकूबाई म्हणोन एक म्हातारी शिंपीण राहत असे. गोधड्या शिवण्यात तिचा हात धरणारा राज्यात नव्हता, आणि बोलण्यातही नव्हता. तिच्या उंबऱ्यावर दुपारच्या प्रहरी सरलष्करांची स्वारी एकटीच उभी ठाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "मला शिवण शिकायचं आहे. आणि हे कुणाला कळता कामा नये." ठकूबाई म्हणाली, "मिशा झाकून या म्हंजे कळायचं न्हाई," आणि हातात सुई दिली. तेथून मोठे युद्ध जाहले. हैबतराव दोरा घेऊन सुईच्या नेढ्यावर चालोन गेले, दोरा डावीकडून निसटला. पुन्हा चालोन गेले, उजवीकडून निसटला. मग दात खाऊन ऐसा हल्ला केला की दोरा आत न जाता सुई अंगठ्यात गेली. ठकूबाई म्हणाली, "सरकार, सुई हाय ती, भाला न्हाई. दोऱ्याचं टोक ओठात भिजवा, चिमटीत चपटं करा, आन् सुई दोऱ्याकडं न्या, दोरा सुईकडं नगा." ऐसे केले आणि दोरा आत गेला. हैबतराव उठोन उभे राहिले आणि तोफ डागण्याचा हुकूम तोंडात आला तो गिळला.

ठकूबाईचा नेम ऐसा की सरळ टाका येईतो हत्तीचे नाव काढावयाचे नाही. म्हणोन पहिल्याने उशीचा अभ्रा. दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवोन धावदोरा घालावा, मग उलटावे, इतुके काम. हैबतरावांनी चहूकडून ऐसा पक्का बंदोबस्त केला की उलटावयास तोंडच ठेविले नाही. "आता उशी कुठनं घालायची?" ठकूबाई म्हणाली. "आभाळातनं? उसवा!" सात किल्ल्यांच्या धन्याने मान खाली घालोन उसविले. मग पानसुपारीचा बटवा जाहला, त्यास नाडी ओविली, आणि तो ओढला की खरेच मिटत असे. हैबतराव तो दिवसभर कमरेस लावोन हिंडले, आणि कोणी पुसले तर म्हणत की परमुलखातून आला. मग एके दिवशी ठकूबाईने कागदावर हत्ती बेतोन दिला. पोट, चार पाय, सोंड. भोवती बोटभर जागा शिलाईसाठी सोडोन रेघ, आणि पोटाखाली चार बोटे रुंद खूण की येथे शिवू नये, येथून कापूस भरावा. "हे घरी ऱ्हाऊ द्या, इसरलात तर बघाया," म्हणाली.

इकडे चिमणपंतांच्या हेरांनी खबर आणिली की सरलष्कर दररोज दुपारी एकटे उत्तर वेशीकडे जातात, काखेत गाठोडे असते, आणि येताना अंगठ्यास चिंधी बांधिलेली असते. पंत म्हणाले, "रक्ताने शपथा चालल्या आहेत." मग हैबतरावांच्या बैठकीतून तो बेतलेला कागद चोरोन आणविला, उजेडास धरिला, आणि पंतांचे तोंड पांढरे पडले. पाहतात तो किल्ला. चार बुरूज खाली, मधे मोठा कोट, एका अंगाने वळणे घेत गेलेली चोरवाट, भोवती दुहेरी तटबंदी, आणि पोटापाशी खूण करोन ठकूबाईच्या सांगण्यावरून हैबतरावांनी स्वहस्ते लिहिलेले, 'हे तोंड उघडे ठेवणे.' पंत तैसेच अनवाणी राणीसाहेबांकडे धावले आणि म्हणाले, "घात जाहला. हैबतराव नदीपलीकडच्या राजास मिळाले. दरवाजा उघडा ठेवणार आहेत."

त्या वेळी हैबतराव ठकूबाईच्या पडवीत बसोन हत्तीची पाठ शिवीत होते. दोन दिवसांचे काम होते, उलट टाका, दाट आणि सरळ, ठकूबाईनेही एकवार "हं" म्हटले होते. तो चोपदार दारात येऊन ओरडला, "दरबारात याद केली आहे, याच घडीस!" हैबतराव झटकन उठले, तो हत्तीही त्यांजबरोबर उठला. पाहतात तो शिवता शिवता अंगरख्याचा घेर हत्तीबरोबर शिवला गेला होता, ऐन त्यांच्या पोटापाशी, अठरा टाके. ठकूबाईने कातर उचलिली. हैबतराव म्हणाले, "खबरदार. कापड कापलं जाईल. राहू दे." आणि वरून शेला गुंडाळोन दरबारास निघाले.

दरबार भरला होता. चौथऱ्यावर राणीसाहेब, खाली मानकरी, आणि मधे चौरंगावर तो कागद. चिमणपंतांनी बुरूज दाखविले, चोरवाट दाखविली, उघडे तोंड दाखविले, आणि म्हणाले, "हा कोणता किल्ला, हैबतराव?" हैबतरावांनी कागद ओळखिला. किल्ला नव्हे, हत्ती आहे, इतुके म्हटले असते तर प्रकरण मिटले असते. परंतु सत्तर मानकरी पाहत होते, त्यात निम्म्यांस त्यांनीच तलवार धरावयास शिकविले होते, आणि ते शब्द काही तोंडातून निघेनात. "अक्षर आमचे आहे," इतुकेच म्हणाले. राणीसाहेब म्हणाल्या, "हैबतराव, आरोप फितुरीचा आहे. शिक्षा तुम्हांस ठाऊक आहे." हैबतराव म्हणाले, "ठाऊक आहे." तेव्हा पंतांची नजर शेल्याकडे गेली. पोटापाशी काही फुगलेले, आणि सरलष्कर ते दोन्ही हातांनी झाकोन उभे. "शस्त्र!" पंत ओरडले. "शेला काढावा!" शिपाई पुढे आले. हैबतरावांनी त्यांस हाताने थांबविले आणि शेला आपणच सोडिला.

तांबड्या लुगड्याचा, वीतभर, कापूस न भरलेला, उलटा, एक कान असलेला ऐवज सरलष्करांच्या पोटावर लोंबत होता. दरबारात सुई पडती तर ऐकू येती. राणीसाहेब म्हणाल्या, "हे काय आहे?" हैबतराव म्हणाले, "हत्ती आहे, बाईसाहेब." मागून कोणी फसकन हसला, मग दुसरा, मग सत्तर अंगरखे गदगदा हलू लागले. पंतांनी पुढे होऊन तो ऐवज चिमटीत उचलिला आणि म्हणाले, "हत्ती? याची सोंड कुठे?" हैबतराव म्हणाले, "आपण धरली आहे ती." तेव्हा पंतांनी हात सोडिला.

राणीसाहेबांनी हात वर केला आणि हसणे थांबले. "कोणासाठी?" त्यांनी पुसले. मग हैबतरावांस बोलावेच लागले. म्हणाले, "नात आहे. चार वर्षांची. तिचा हत्ती नदीत गेला. ती मला पाहून खांबामागे लपते, बाईसाहेब. मी दुसरं काही मागितलं नाही कधी या दरबारात. तिनं एकदा माझ्याकडं न रडता पाहावं." तेव्हा राणीसाहेब गादीवरून उठल्या, चौथरा उतरल्या, चौरंग ओढोन हैबतरावांपुढे बसल्या, आणि दासीकडून सुई मागोन घेतली. सुईच्या टोकाने अंगरख्याचा एकेक टाका उचलोन उसवू लागल्या. अठरा टाके. सत्तर मानकरी उभे राहोन पाहत होते. उसवता उसवता राणीसाहेब हळूच म्हणाल्या, "पाठीचा टाका बरा आहे. वळणावर कातरीने बारीक कात्रे दिले आहेत ना? नाही तर उलटल्यावर चुण्या पडतील." हैबतराव म्हणाले, "विसरलोच होतो." मग हत्ती सुटला तो त्यांनी दोन्ही हातांवर ठेवोन परत दिला, आणि चिमणपंतांस म्हणाल्या, "पंत, कागद सरलष्करांस द्यावा. आणि तुम्हीही चार दिवस ठकूबाईकडे जावे. हातास काम असले की मनास किल्ले दिसत नाहीत."

हैबतरावांनी त्याच दिवशी हत्ती उलटविला, सोंडेत काठीने कापूस दाबिला, पोट मिटविले, दुसरा कान लाविला, काळ्या दोऱ्याचे डोळे काढिले आणि घरी आले. सोंडेत कापूस अंमळ जास्त गेला होता, आणि ती लांब न होता जाड आणि आखूड जाहली होती. खांबापासून चार हातांवर ते मांडी घालोन बसले, हत्ती जमिनीवर ठेविला आणि मागे सरकले. बराच वेळ गेला. खांबाआडून एक डोळा आला, मग दुसरा, मग सगळी येसू. तिने तो उचलिला, फिरवोन पाहिला, नाक पाहिले, आणि म्हणाली, "हे डुक्कर आहे." मैनाबाईंनी तोंडास पदर लाविला. हैबतराव म्हणाले, "हो. डुक्करच आहे." येसू म्हणाली, "माझ्याकडे डुक्कर नव्हतं." आणि ते पोटाशी धरिले. मग पुन्हा पाहोन म्हणाली, "याला सदरा नाही." हैबतराव म्हणाले, "शिवतो." "आत्ता?" "आत्ता." त्यांनी सुई काढिली, दोरा ओठात भिजविला, परंतु तो एकदा डावीकडून निसटला आणि एकदा उजवीकडून. तेव्हा येसू जवळ आली, त्यांच्या गुडघ्यावर हात टेकोन उभी राहिली, आणि म्हणाली, "थांबा आजोबा, मी सुई धरते."

येणेप्रमाणे ही मोहीम पार पडली. त्या साली राज्यावर परचक्र आले नाही, दसऱ्यास चिमणपंत स्वहस्ते शिवलेला बटवा लावोन आले, तो उघडत नव्हता, आणि तो विषय कोणी काढिला नाही. त्या प्राण्याची नोंद सरकारी दफ्तरी हत्ती म्हणोन आहे आणि घरी डुक्कर म्हणोन, आणि दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. जैसे ऐकिले तैसे लिहिले. लेखणीचा टाका कोठे वाकडा गेला असेल तर वाचणाराने उसवोन सरळ घालावा. इति.